शाई वाळेपर्यंत

आमच्या कामिनोसे गावात माणसांची टोपणनावं न्हाव्याच्या दुकानात पडतात. खुर्चीत बसलेल्याच्या तोंडाला साबण असतो, त्यामुळे बोलायचं काम आपसूक आमच्याकडे येतं. पन्नासेक वर्षांत मी निदान चाळीस जणांना नावं दिली असतील. मासळीवाल्या ओनोला मी 'भरती' म्हणायचो, कारण तो आला की माझी अख्खी फरशी ओली व्हायची. त्याला ते आवडायचं. पुढे त्याने आपल्या गाडीवरच रंगवून घेतलं.

त्या चाळिसांतलं एक नाव मात्र आजही माझ्या घशात अडकतं. समोरच्या इनादाया कागद-दुकानाच्या सुनेला मी 'फिकी' म्हणालो आणि आठवड्याभरात सगळं गाव म्हणायला लागलं. तिचं खरं नाव किनुए. हे लिहितोय ते तिच्याबद्दल. माझ्याबद्दल जे येईल ते नाइलाजाने येईल, आणि त्यात मी काही फार शोभून दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

किनुए नदीच्या वरच्या अंगाची. तिकडे दोन डोंगरांच्या बेचक्यात काळा दगड निघतो आणि त्याच्या सहाणा करतात, शाईची सुकी कांडी पाण्यात उगाळायला. तिचा बाप सहाणा कोरायचा. त्या कामाची छिन्नी हातभर लांब असते. तिचं मागचं टोक खांद्याला लावून अख्ख्या अंगाने रेटावं लागतं, म्हणून तिकडच्या पुरुषांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असतो. तिच्या बापाचा तर इतका, की तो लग्नाला आला तेव्हा माझ्या मनात आलं, याचे केस कापायचे तर आरसा तिरका टांगावा लागेल. १९६२ साली इनादायाच्या इवाओशी तिचं लग्न झालं. बावीस वर्षांची होती. बापाने तिच्याबरोबर एक सहाण दिली, तळहातापेक्षा जराशी मोठी, नक्षीबिक्षी काही नाही. दुकानात आधीच सात होत्या. तिच्या सासूने, तोकुसाननी, ती उचलून नखाने टकटक केलं, कानाशी नेली आणि म्हणाल्या, "दगड बरा आहे. आता पोरगी कशी निघते ते बघू."

इनादायात लोक कागद घ्यायला कमी आणि लिहून घ्यायला जास्त यायचे. लग्नात द्यायचं पैशाचं पाकीट, मयताला द्यायचं पाकीट, शाळेचे दाखले, नव्या दुकानाच्या पाट्या. ज्याचं अक्षर कोंबडीने पाय फिरवल्यासारखं होतं, म्हणजे माझ्यासकट जवळपास सगळं गाव, ते इनादायात यायचं. तोकुसान लिहायच्या आणि त्यांचं अक्षर खणखणीत होतं. पण सुनेचंही काही कमी नव्हतं. चार वर्षांत त्यांनी निम्मं काम तिच्याकडे सोपवलं, आणि तोकुसान काही कुणाला उगाच सोपवणाऱ्यातल्या नव्हत्या.

आता हे सांगायला नको, तरी सांगतो. लग्नाच्या पाकिटावर देणाऱ्याचं नाव काळ्याभोर शाईत हवं आणि मयताच्या पाकिटावर फिक्या. बातमी कळली, सहाणेत आसवं पडली, शाई पातळ झाली, घट्ट उगाळायला सवड कुठली, असा त्या फिकेपणाचा अर्थ. एकाच्या जागी दुसरं झालं तर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय.

१९६६ सालचा मे महिना. ते आगीच्या घोड्याचं वर्ष, त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते म्हणतात, त्यामुळे गावातल्या बायका आधीच धास्तावलेल्या. मी तेव्हा कुवाबारा मास्तरांच्या केस कापायच्या दुकानात पहिला कारागीर होतो. मास्तरांना मुलगा नव्हता. दुकान पुढे मलाच चालवायचंय, असं ते दोनदा चहा पिताना आणि एकदा साके पिताना म्हणाले होते. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं त्या दिवशी पलीकडच्या शहरात लग्न होतं. आणि मी, अर्थातच, पाकीट लिहून घ्यायचं शेवटच्या घटकेपर्यंत ठेवलं.

दीड वाजता मी इनादायात घुसलो. गाडी एक बावन्नची. आभाळ भरून आलेलं, दुकानात अंधारलेलं. सकाळी सोयाबीनच्या रसाचा कारखाना असलेल्या म्हाताऱ्याचं मयत होतं, किनुएने वीस-पंचवीस फिकी पाकिटं लिहिली होती आणि सहाण अजून तशीच समोर होती. तोकुसान आत जेवत होत्या.

"सूनबाई, लवकर! मास्तरांच्या मुलीचं लग्न आहे, गाडी सुटेल!"

"पाच मिनिटं द्या. सहाण धुते आणि..."

"पाच मिनिटं कुठली! त्यातच उगाळा जरा."

तिने त्यातच कांडी फिरवली. चांगली जोर लावून फिरवली, पण सकाळच्या पाण्यात किती शाई चढणार? तिने लिहिलं. नाव काळंशार दिसलं. ओली शाई कशीही असो, काळीच दिसते.

"मोतेगीसान, जरा वाळू द्या," ती म्हणाली.

"गाडी काय तुमच्या सासूबाई धरून ठेवणार आहेत?" असं म्हणून मी ते पाकीट तिच्या हाताखालून अक्षरशः ओढलं, रेशमी रुमालात गुंडाळलं आणि पळालो.

लग्नाच्या दाराशी पाकिटं घ्यायला टेबल मांडलेलं होतं. मी रुमाल उलगडला. पाकिटावरच्या लाल-पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीखाली माझं नाव राखेच्या रंगाचं झालेलं. टेबलामागच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. नवरीच्या काकाने बाही पुढे करून पाकीट झाकलं, पण मास्तरीणबाईंनी तोवर बघितलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे कुणी ओरडलं तर माणूस वाचला असं समजावं. महिन्याभराने मास्तर मला म्हणाले, "माझा पुतण्या येतोय कामाला. तुझा हात आता तयार आहे, तू स्वतःचं काहीतरी बघ." तीन वेळा दिलेला शब्द असा गेला. ती नवरी पुढे सुखाने नांदली, तीन मुलं झाली, नवरा अजून ठणठणीत आहे. तेवढ्यावरून अपशकुनाचं काय ते ठरवा.

लग्नाच्या दिवशीच संध्याकाळी मी इनादायासमोर उभं राहून जो तमाशा केला, तो अर्ध्या गल्लीने पाहिला. तोंडाला येईल ते बोललो. तोकुसान बाहेर आल्या, सगळ्यांच्या देखत रस्त्याच्या मातीत गुडघे टेकून बसल्या आणि कपाळ जमिनीला लावलं. साठीची बाई. मग उठून आत गेल्या, सुनेच्या ताटलीतला कुंचला उचलला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, रस्त्यावरून दिसेल असा.

"मोतेगीसान, तुम्हाला शब्द देते. या घरात ही सून पुन्हा कुंचला धरणार नाही."

किनुए त्यांच्या मागे ओणवलेली होती. आता ती बोलेल, असं मला वाटलं. 'मी वाळू द्या म्हटलं होतं, यांनीच ओढून नेलं,' एवढं जरी म्हणाली असती तरी माझी तिथेच शोभा झाली असती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सकाळची सहाण मी धुतली नव्हती. चूक माझी."

बास, एवढंच. आणि मी? 'बरी जिरली' असं मनात म्हणत घरी गेलो.

पुढच्या वर्षी मला दुकानाला जागा मिळाली ती नेमकी इनादायाच्या समोर. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि आरशात दिवसभर तो खिळ्यावरचा कुंचला. कुणी विचारलं की मी गोष्ट रंगवून सांगायचो. माझ्या गोष्टीत गाडीची घाई कधी नसायची. त्यातूनच 'फिकी' हे नाव पडलं. "फिकीकडून कागद आणला का?" "फिकीचा नवरा आला, बसा." इवाओ तर माझ्या खुर्चीत बसून हे ऐकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. फार गरीब माणूस.

किनुएला आता एकच काम उरलं होतं, सासूसाठी शाई उगाळायचं. दुसरी असती तर माहेरी गेली असती, नाहीतर कांडी आपटत बसली असती. ही बाई पहाटेची कामं आटोपून बापाची सहाण पुढे घ्यायची आणि मांडी घालून बसायची. सहाणेच्या सपाट भागाला आम्ही जमीन म्हणतो आणि पुढच्या खळग्याला समुद्र. जमिनीवर चार थेंब पाणी टाकायचं, कांडी उभी धरायची, गोल गोल फिरवायची, घट्ट झालं की समुद्रात लोटायचं आणि पुन्हा चार थेंब. जोर लावला तर शाई खरखरीत होते. किनुएचा हात बघून वाटायचं की ती दगडाला नुसती कुरवाळतेय. तास-तास तेच. संध्याकाळी सहाण धुऊन, पुसून, उपडी. आठ वर्षांत मी ती सहाण एकदाही न धुतलेली पाहिली नाही, आणि मी रोज बघत होतो.

पहिल्याच हिवाळ्यात तिने एक नवीन प्रकार सुरू केला. कागदाच्या अरुंद पट्ट्या कापायच्या, जेवायच्या काडीचं टोक शाईत बुडवून प्रत्येकीवर एक रेघ ओढायची आणि खाली पेन्सिलीने लिहायचं: थेंब किती, कांडी किती वेळ फिरवली, हवा दमट की कोरडी. मग त्या पट्ट्या दोरीवर टांगायच्या. ओली असताना किती काळी, वाळल्यावर किती उतरली, हे तिला एकदाचं बघायचं होतं. सासूने कुंचल्याला हात लावू नको म्हटलं होतं, जेवायच्या काडीबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.

मी दारातून ओरडायचो, "सूनबाई, आज काय, शेवया वाळत घातल्या?"

"हो. या की जेवायला," ती हात न थांबवता म्हणायची. "तुमचंच तोंड काळं होईल."

गिऱ्हाईकं हसायची. मीही हसायचो, पण ते लागायचं.

आणि सकाळचं पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात दुकानासमोर धूळ बसायला पाणी मारतात. किनुए बादली आणि खराटा घेऊन यायची, खराटा भिजवायची आणि रस्त्यावर अक्षरं काढायची. हातभर मोठी. गावातल्या माणसांची आडनावं असायची ती, एका दिवशी एक घर. ओनो. हिराकी. देवळातले साकुमा. जे लिहायची ते अर्ध्या मिनिटात वाळून जायचं, की पुन्हा तेच. तोकुसान दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "'हिराकी'तली उभी रेघ लंगडतेय." बाकी काही नाही. किनुएने त्या दिवशी हिराकींचं नाव चाळीसेक वेळा काढलं असेल, रस्ता नुसता चिखल झाला. गावातली दोनेकशे घरं तिने अशी कितीदा गिरवली त्याला मोजमाप नाही. त्यात माझं नाव एकदाही नव्हतं. तिने मुद्दाम गाळलं होतं हे मला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं, आणि तरी मी रोज सकाळी खिडकीशी उभा राहायचो.

१९७५च्या जानेवारीत तोकुसानना झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. गावाला लिहून द्यायला कुणी उरलं नाही. लोक नदीपलीकडच्या मिनेगावात जायला लागले, तिथले एक निवृत्त शिक्षक लिहून द्यायचे. काहींनी आत शाई भरलेले नवे पेन आणले. इवाओ केस कापायला आला तेव्हा पहिल्यांदाच स्वतःहून बोलला.

"मी तिला म्हटलं, आई आता पडून असते, दार लावून लिही. कोण बघतंय?"

"मग?"

"म्हणाली, दार लावून लिहायला मी चोर आहे का? माझ्या हातातला कुंचला सगळ्यांच्या देखत काढला, सगळ्यांच्या देखतच हातात आला पाहिजे. आईंच्या तोंडून. आणि आई आहेत तोवर." तो आरशात माझ्याकडे बघत होता. "डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघेल असं वाटत नाही."

मी वस्तरा पुसला. "तुझी आई फार हट्टी, बाबा," मी म्हणालो. त्याने डोळे मिटून घेतले.

मार्चमध्ये कुवाबारा मास्तर गेले. काय झालं ते झालं, पण कात्री धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. संध्याकाळी त्यांच्या घरी बसायला जायचं, म्हणजे पाकीट हवं. मिनेगावचे शिक्षक तापाने पडलेले. मी स्वतः लिहून बघितलं, तीन पाकिटं वाया घालवली, आणि शेवटी रस्ता ओलांडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

दुकानात शिरल्या शिरल्या उंचवट्यावर तोकुसान उशांना टेकून बसलेल्या. त्या पडून राहायला तयारच नव्हत्या. शेजारी किनुए उगाळत होती. लिहिणारं कुणी नसताना ती कुणासाठी उगाळत होती, देव जाणे.

"मास्तर गेले. पाकीट हवं होतं," मी म्हणालो.

"इथे कुणी लिहीत नाही," तोकुसान म्हणाल्या. शब्द जड, पण सगळे कळत होते.

"सूनबाई लिहितील की. आता काय त्याचं, झालं गेलं..."

"मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान तापले. "तुम्हाला. तुम्ही तो परत द्यायला आला नाहीत. मी वाट पाहिली." श्वास घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "रोज. इथून तुमचं दार दिसतं."

मी खरं सांगतो, तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं ती कडक सासू, तिने सुनेला शिक्षा केली, त्यांचं ते बघतील. शब्द मला दिला होता म्हणजे त्याची गाठ माझ्या हातात होती, आणि मी ती हातात धरून आठ वर्षं समोर बसून शेवयांचे विनोद केले होते.

"परत दिला," मी घाईघाईने म्हणालो. "आत्ता दिला! तुमच्या शब्दातून तुम्ही मोकळ्या. सूनबाई, घ्या कुंचला."

किनुएचा हात थांबला. तिने कांडी पुसली, सहाणेवर न ठेवता बाजूला आडवी ठेवली.

"नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"तुम्हाला पाकीट हवंय म्हणून देताय. पाकीट नको असेल तेव्हा या."

"अहो, पण मास्तर..."

"मास्तरांसाठी शाई देते. लिहा तुमचं तुम्ही."

मी तोकुसानकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हलायची, ती हलली. हसल्या बहुतेक. इवाओने आतून सगळं ऐकलं असावं, पण तो बाहेर आला नाही. किनुएने सहाणेत थेंब थेंब पाणी सोडलं, मोजून, आणि माझ्यापुढे कुंचल्याऐवजी विकायच्या डब्यातला स्वस्तातला एक ब्रश ठेवला.

"आत्ता दिसतंय त्यावर जाऊ नका. वाळल्यावर अजून उतरेल," ती म्हणाली.

मी लिहिलं. कोंबडीचे पाय. पण रंग! वाळल्यावर तो बरोबर तेवढाच झाला जेवढा असायला हवा, ना राख ना काजळ. मास्तरांच्या घरी टेबलामागच्या माणसाने पाकीट घेतलं, नाव वाचायला त्याला दोनदा बघावं लागलं, आणि तरी त्याने मान लववली.

पुढचे दोन दिवस मी तिघांचे केस वाकडे कापले. तिच्याकडे जाणं सोपं होतं, रस्ता सात पावलांचा. पण काहीही न घेता जायचं, हे फार अवघड असतं. निमित्त नको होतं तिला. माझ्याकडे तर आयुष्यभर निमित्तंच होती.

सोमवारी आमचा धंदा बंद असतो. सकाळी दहाला, गल्ली भरलेली असताना, मी धुतलेला सदरा घालून निघालो. रिकाम्या हाताने. इनादायात बालवाडीच्या नागाईबाई दाखल्यांना बांधायची फीत घेत होत्या. ओनो मासळीचं खोकं पायाशी ठेवून बिलाची वही निवडत होता. ठीक आहे, म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना. मी दुकानाच्या जमिनीवर गुडघे टेकले.

"अरे, काय हरवलं?" ओनोने विचारलं.

"गप्प बस, भरती." मी तोकुसानकडे तोंड केलं. आवाज माझा, पण तो कुठून येतोय ते मला कळत नव्हतं. "नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मला शब्द दिला होता. तो परत करायला आलोय. मला आज पाकीट नको, कागद नको, काही नको. त्या दिवशी सूनबाई 'पाच मिनिटं द्या' म्हणाल्या होत्या, मी दिली नाहीत. 'वाळू द्या' म्हणाल्या होत्या, मी त्यांच्या हाताखालून ओढून नेलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. वर त्यांना नाव ठेवलं. ते नावही मीच ठेवलं."

नागाईबाईंच्या हातातली फीत उलगडत खाली गेली.

"सहाण मी धुतली नव्हती," किनुए म्हणाली. "तेही सांगा."

"अहो, तुम्ही तर धुवायला निघाला होतात..."

"निघाले होते. धुतली नव्हती. नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. अर्धं सांगू नका."

"सहाण धुतली नव्हती," मी म्हणालो.

तोकुसाननी डावा हात उचलला. तो भिंतीकडे गेला, खिळ्याकडे. इवाओ आतून धावत आला, पण त्यांनी त्याला डोळ्यानेच थोपवलं. त्यांना सुनेकडूनच ते करून घ्यायचं होतं.

"घे," त्या म्हणाल्या. मग जीभ गोळा करून, एकेक अक्षर सुटं करत, "किनुए. घे."

ती उठली. खिळ्यावरून कुंचला काढला. नऊ वर्षांची धूळ त्यावर नव्हती. तो कुणीतरी, माझं दुकान बंद झाल्यावर, पुसत होतं, आणि किनुए काही त्याला हात लावणारी नव्हती. तेव्हा पुसणारी तीच, जिने तो टांगला होता. तिने तो ओल्या फडक्यात हलकेच धरला, केस सुटे केले आणि सहाणेपुढे बसली. चेहरा जसाच्या तसा. मला मात्र रडू यायला लागलं, आणि ते लपवायला मी जे बोलू नये ते बोललो.

"सूनबाई... किनुएसान, माझं नाव लिहा. कशावरही. पहिलं माझं लिहा."

तिने वर पाहिलं. "तुमचं काही काम आहे?"

"नाही, काम असं..."

"मग बाजूला व्हा. मागे बाई उभ्या आहेत."

ओनो फस्सकन हसला. मी गुडघ्यांवरूनच बाजूला सरकलो. नागाईबाई घुटमळल्या. त्यांचे तीस दाखले मिनेगावच्या शिक्षकांनी लिहून दिले होते, पण एक पोर मागाहून आलं होतं आणि त्याचा एकतिसावा कोरा पिशवीत होता. त्या बसने मिनेगावला निघाल्या होत्या. त्यांनी खिळ्याकडे बघितलं, तोकुसानकडे बघितलं, आणि मग पिशवीत हात घालून तो कोरा दाखला काढला आणि दोन्ही हातांनी किनुएपुढे ठेवला.

"ओगावा चिझुरु," त्या म्हणाल्या. "चिझुरुमधला 'झुरु' सारस पक्ष्याच्या चिन्हाचा."

किनुएने सहाण पुसली. आधीची शाई टाकली आणि नव्याने उगाळायला घेतली. पंचवीस मिनिटं लागली. ओनोची मासळी वास मारायला लागली तरी तो हलला नाही. मग तिने एका पट्टीवर रेघ ओढली, ती वाळेपर्यंत थांबली, खिडकीशी नेऊन बघितली आणि तेव्हा कुठे दाखला पुढे ओढला. नाव लिहिलं. आमच्या लिपीत त्याची चार चिन्हं होतात, एकही लंगडत नव्हतं.

नागाईबाईंनी हात पुढे केला. किनुएने दाखला आपल्याकडे ओढून घेतला.

"बसा. वाळल्याशिवाय देणार नाही," ती म्हणाली, आणि इवाओला हाक मारली, "अहो, बाईंना चहा द्या. ओनोसान, तुम्हीही बसा."

नागाईबाई बसल्या. ओनो खोक्यावर बसला. इवाओने चार पेले आणले, एक आईपुढे ठेवला. मला कुणी बसा म्हटलं नाही. मी दाराशी उभा राहिलो, आणि ते नाव वाळूनही काळंभोरच राहिलं, ते बघेपर्यंत उभाच राहिलो.